सराव पाठ सातवा

साक्री. दुसरीचा वर्ग.
मी चित्र धरलं.
सुपडू उठून म्हणाला, "चिडी शे!"
"नाही. चिमणी आहे."
तो बसला,
तास संपेपर्यंत बाकाचा सैल खिळा
हलवत राहिला.

मागे बसलेल्या बोरसे मॅडमनी
निरीक्षण-वहीत एवढंच लिहिलं:
नाही कशाला?
चि तर दोघींचा.

धुळ्याच्या बसमध्ये, कुसुंब्याजवळ
आईचा फोन.
"कोठे शे तू?"
मी शेजारणीकडे पाहिलं,
तोंडावर हात धरला:
"ई ऱ्हायनू, माय."

हा हात
कितवीपासून इथे आहे?
आठवेना.

रात्री आठव्या पाठाचं टाचण काढलं.
हेतू, साहित्य झालं.
'पूर्वज्ञान'पुढे दरवेळी
मी मराठी मुळाक्षरे लिहायचे.
आज लिहिलं,
चिडी.
आणि खाली, पेन्सिलीने,
माझंही.