विषय क्रमांक सात

विषय क्रमांक सात : पाणीपट्टी.
ग्रामसेवक चष्मा पुसून वाचतात :
पंपाचं वीजबिल, क्लोरीन, माझा पगार,
भागिले तीनशे बारा नळजोडण्या.
असा निघतो दर. भागाकार बरोबर आहे.
बाकी उरते ती सतरंजीवर बसलेली असते.

"आमची विहीर आहे," मयेकर म्हणतात.
वैशाखात ती मचूळ होते, ते म्हणत नाहीत.
किनाऱ्यावरच्या होमस्टेला सहा न्हाण्या,
जोडणी एकच, अर्ध्या इंचाची, घरगुती.
तो विषय निघाला की सरपंचांना खोकला येतो.

मी पाणी सोडणारा. मला कोणी विचारत नाही.
पहाटे साडेचारला चावी फिरवतो,
खाली खारवाडीत बादल्या वाजतात;
वर सड्यावर जुलेखा मुकादमच्या नळाला
आधी येतो वारा, बराच वेळ,
मग चहापुरतं तांबूस पाणी.
नमुन्याला बसवलेल्या दहा मीटरांतला एक तिच्याकडे.
तो वाऱ्यानंही फिरतो.

"वाऱ्याचे किती लावणार?" तिनं विचारलं.
सभा हसली.
इतिवृत्तात हसण्याला रकाना नाही.

बंद घरांचं काय?
ठरलं, किमान आकार.
धनी विरारला, नळात कुंभारमाशीचं घर.
गणपतीत येतील, दंडासकट भरतील,
पावती घडी करून पाकिटात ठेवतील,
गावात आपलं काही आहे, याचा कागद.

ठराव सर्वानुमते. सूचक तोडणकर,
अनुमोदकाची सही लागत नाही.

उद्या चढणीवरचा व्हॉल्व्ह
मी जरा आधी उघडणार आहे.
पाइपातला वारा
कुणाच्याच नावावर न पडता
काजूंतून निघून जाईल.