तीन बोटं

भिंतीला टाचा लावून उभा राहतो मी.
टाचा, पाठ,
आणि डोकं जिथवर मागे जाईल तिथवर.
उरलेल्या फटीत निरूपा बोटं घालून मोजते.
तीन.
तिची तीन, माझी नव्हेत. माप बदलू नका,
साकोलीच्या टेंभरे मॅडमनी बजावलंय.

पोतं उचललं असेल, असं लोक आधी म्हणतात.
नाही. राईस मिलमध्ये सोळा वर्षं मी वही सांभाळली,
पोती मोजली फक्त.
मणक्यांनीच ठरवलं एकमेकांना धरून बसायचं,
पेरापेरानं, बांबूसारखं.
एक्स-रेवालाही हेच म्हणाला, बांबू.
आमच्याकडे त्याची काय नवलाई!

मंगळवार, शुक्रवार, सात-दहाची एसटी.
कंडक्टर मेंढे खिडकीची सीट धरून ठेवतो.
मागून कुणी हाक मारली
तर मी अख्खाच वळतो, बैलबंडीसारखा,
तोवर हाक मारणारा उतरून गेलेला असतो.
एका वेळेचे तीनशे. तिकीट वेगळं.

पॉलिसी मालकानं काढून दिलेली, सगळ्या मिलची एकत्र.
वरच्या पानावर हसरं कुटुंब,
त्यात कुणाचीच पाठ दिसत नाही.
पान एकतीस : चोवीस तास दाखल असल्यास.
पान बत्तीस : सुट्टी झाल्यापासून साठ दिवस.
मी दाखल झालो नाही. दर वेळी घरी आलो,
दुपारच्या गाडीनं, स्वतःच्या पायांनी.
चुकलंच माझं.

पहिलं पत्र :
अहवालात सुधारणा आढळत नाही, सबब उपचार निष्फळ.

उन्हाळ्यात दोन महिने जमलं नाही जायला.
एका संध्याकाळी निरूपानं चौथं बोट घातलं.
बोलली नाही काही,
ते बोट पदराला पुसत राहिली.
मग तिनं शिलाईचे पैसे काढले, मी पुन्हा एसटी धरली,
आणि धान कापणीला आला तेव्हा
चौथं बोट बाहेर राहिलं.
आनंदानं कळवलं कंपनीला.

दुसरं पत्र :
सुधारणा झाली आहे, सबब पुढील उपचारांची गरज नाही.

फोनवरचा नागपूरचा मुलगा सज्जन होता.
"सर, पूर्ण बरे कधी होणार, ती तारीख टाका.
रकाना रिकामा चालत नाही."
मी म्हटलं, बाबू, आमच्या गावाला तलाव आहे.
दर वर्षी आखाडीच्या आधी पाळीवर माती पडते,
खेकड्यांची बिळं बुजवतात.
पाळ कधी बरी होणार, असं नाही विचारत कुणी.
फुटली की मात्र साहेब येतात, पंचनामा होतो,
फोटोसाठी आम्हाला चिखलात उभं करतात.
तो ऐकत होता. खरंच ऐकत होता.
मग म्हणाला, "हो सर, पण तारीख?"

शेवटी टेंभरे मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं :
रुग्णाची स्थिती आहे तशीच आहे.
उपचाराचा उद्देश हाच आहे.
दुसऱ्या ओळीखाली पेन इतकं दाबलं
की कागद मागून उठला.
त्यावर शिक्का, शिक्क्यावर सही.

तिसरं पत्र आलंय : वर्षाला वीस बैठका मंजूर.
मला लागतात एकशेचार.
दहा आठवड्यांचं निभलं, निरूपा म्हणाली,
आणि कॅलेंडरवर त्या दिवसाला खूण केली.
तिथून पुढचा अर्ज.

"हालू नका. मोजू द्या."
"किती?"
"तीनच हायेत."
ती हे असं सांगते
जसं कुणी पास झाल्याचं सांगावं.

भिंतीवर डाग पडलाय खांद्यांच्या उंचीला,
माझ्या पाठीचा, घामाचा, तेलाचा.
डोक्याचा नाही, डोकं तिथवर पोचतच नाही.
तिथे आहेत पिवळी बोटं, हळदीच्या हातानं
स्वयंपाक सोडून आल्याची,
एकावर एक, रोजची.
सोबत पुरावे जोडावेत, असं लिहिलंय अर्जात.
भिंत कशी जोडायची, ते त्या मुलाला
विचारायचं राहिलं.