गरम झाल्यावर

पहिल्यांदा बंगाली चौराह्यावर,
मग पिपल्याहानाच्या पुलावर, चढ संपता संपता,
मग पाटनीपुऱ्यात, काकड्यांच्या हातगाडीला खेटून.
धक्का नाही, आवाज नाही.
बोलता बोलता कुणी उठून आत जावं
तशी बंद.

मागून हॉर्न. काकू, साइडला घ्या ना!
कशी घेणार? स्टिअरिंगचा दगड झालेला.

वीस-पंचवीस मिनिटांनी किल्ली फिरवली
की पहिल्या सेल्फला चालू,
जसं काही झालंच नव्हतं.

शेजारचे मुंगी म्हणाले, बॅटरी. बदलली.
भाची म्हणाली, पेट्रोलमध्ये पाणी. टाकी उपसली.
धाकट्या दिरांनी नुसतं म्हटलं, विका.
आणि गॅरेजात नेली की शहाणी!
अनीस मिस्त्री तासभर कान लावून बसला,
ती आपली मांजरासारखी घुरघुरत.
"दुखतं तेव्हा आणा, ताई,"
मग स्वतःच हसला,
दुखतं तेव्हा ती येणार कशी.

गुरुवारी तोच शेजारी बसला,
मांडीवर मीटर, पायाशी पाण्याची बाटली,
आणि आम्ही बिघाड शोधायला निघालो.
नवलखा. भंवरकुआं. मे महिन्यातले बारा.
सिग्नलवर मुद्दाम रेंगाळले.
आता पडेल. आता.
नाही.
बंद पडण्याची इतक्या आशेनं वाट
मी जन्मात पाहिली नव्हती.
राजेंद्रनगर मागे पडलं.
अनीस म्हणाला, आज बाईसाहेबांचा मूड चांगला दिसतो.

राऊच्या अलीकडे गेली.
"आली!" तो ओरडला,
लॉटरी लागल्यासारखा.

किल्ली फिरवा. मागे पंप दोन सेकंद गुणगुणला,
म्हणजे पेट्रोलचं दुखणं नाही.
सेल्फ मारा. काटा बघा, आरपीएमचा.
इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावर झोपलेला.
खाली वाकून त्यानं बोटाएवढ्या एका सेन्सरवर
बाटली हळूहळू रिकामी केली.
वाफ. थांबा. परत मारा.
चालू.

आत केसासारखी तार असते, तो सांगत होता,
तापली की कुठेतरी सुटते,
निवली की टेकते परत.

नवा सेन्सर बसवला, नऊशे रुपये.
जुना मी मागून घेतला.
द्यायच्या आधी त्यानं मीटर लावून दाखवलं:
पाचशे साठ. अगदी जेवढं हवं तेवढं.
"थंड असताना याचं सगळं बरोबरच येतं, ताई."

माझंही येतं.
डॉक्टर फडणिसांच्या एसीत
दहा मिनिटं बसल्यावर.

सेन्सर फ्रिजवर ठेवलाय, चाव्यांच्या वाटीत.
परवा मुंगी विचारत होते,
हे काय?