आवरणं

कायानीत नोव्हेंबरात दुपारी तीनला दिवे लागतात.
वेसा केत्तुनेन तेव्हा उठतो.
उठतो म्हणजे पलंगाच्या कडेला बसतो
आणि हातातल्या एका मोज्याकडे पाहत राहतो.
दुसरा शोधायचा तर
मध्ये अख्खी खोली आडवी.

बेसिनमध्ये अकरा कप.
बहिणीचा फोन वाजून वाजून गप्प होतो.
कशात मन लागत नाही
हे सांगायलासुद्धा थोडं मन लागतं.

दूध मात्र संपतं.

दुकानात, पैसे भरायच्या रांगेलगत
ते यंत्र: चेरी, घंटा, सात.
आणि तीन आठवडे ज्याला चमचा जड होता
तो हात
खिशात जाऊन आलासुद्धा,
वेसाला न विचारता.
नाणं. नाणं. आणखी एक.
किती हलका, किती तरणाबांड हात!
तेवढा वेळ त्याला काही होत नाही.
आनंद नाही हो,
नुसतं काही न होणं.
तेही केवढं.

मग दुधापुरते पैसे उरत नाहीत.
काउंटरवरची मिर्या
पिशवीची घडी पुन्हा पुन्हा घालत बसते.

परवा बहीण दारातूनच ओरडली होती,
आवर की रे स्वतःला.
तिच्या भाषेत ते कसं म्हणतात कोण जाणे.
माझ्या भाषेत घर आवरतात,
हात आवरतात, रडूही,
सगळ्याला एकच शब्द,
जसा गरिबाघरी एकच झाडू.

वेसा बर्फातून रिकाम्या हाताने परततो.
बूट न काढता नळ सोडतो
आणि एक कप धुतो.
त्याच हाताने.

दहा तसेच राहतात.