चुंबकाने काढून टाकलेलं

पहाटे चारला आई सराफ बाजारात उतरते.
शटरं बंद, कुत्री जागी.
तारेचा ब्रश, पत्र्याची सुपली,
फरशीच्या सांध्यांतली धूळ ती खरवडून घेते
दुकानादुकानापुढे, ओणव्याने.
उजाडायच्या आत गोदेच्या काठी
पाटीत पाणी हेलकावतं,
माती जाते, जड ते राहतं.
महिन्याकाठी कधी दोन ग्रॅम,
कधी नुसतीच कंबर.

आणि मी, झारेकऱ्याची लेक,
गंगापूर रोडला कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर
तिचंच काम करते, उलटं.
ती धुळीतून महागाचा धातू काढते,
मी त्याच्यावाचून भागवायला बघते.

विभागात प्लॅटिनमची एक कुपी आहे,
अर्ध्या ग्रॅमची. गांगुर्डे सर ती कपाटात ठेवतात,
सही घेऊन देतात, वजन करून परत घेतात.
ऑक्सिजनला चार इलेक्ट्रॉन एका दमात पाजावेत
ते प्लॅटिनमनेच.

माझ्याकडे लोखंड आहे.

एक निळा रेणू, चार नायट्रोजनांच्या मधोमध
लोखंडाचा एकुलता अणू,
चौरंगावर सुपारी मांडावी तसा.
ह्याचा तांब्याचा भाऊ द्राक्षांच्या क्रेटना निळा रंग देतो,
आणि लांबचं एक नातं
आपल्या रक्तातही श्वास वाहतं.

बसायला त्याला जागा हवी.
दिंडोरीहून ज्योत्स्ना पगारने पोतंभर पाठवल्या
छाटणीच्या काड्या, द्राक्षाच्या, फुकट.
पोटॅश चोळून, नायट्रोजनच्या वाऱ्यात
आठशे अंशांवर भाजल्या.
उरलेला कोळसा हाताला लागत नाही इतका हलका,
आत भोकांत भोकं.
मूठभर उलगडता आला
तर गोल्फ क्लबचं मैदान झाकेल.

पहिलं वर्ष हावरेपणात गेलं.
मी रेणू ओतत राहिले.
ते एकमेकांवर चढले, पोळ्यांची चवड जशी,
वरचा तेवढा जागा, खालचे गुदमरलेले.
ऑक्सिजन यायचा,
दोनच इलेक्ट्रॉन घेऊन अर्ध्या वाटेवरून फिरायचा,
पेरॉक्साइड व्हायचा
आणि माझंच लोखंड खायचा.

एका रात्री भाकरी थापता थापता आईने विचारलं,
किती घातलंस?
भरपूर, म्हटलं.
ती हसली नाही.
पाटी भरली की मी हरते, म्हणाली.
मूठभर माती, पाटीभर पाणी.
दाण्याला एकटा पडू दे,
तेव्हा कुठे तो दिसतो.

पाचवा हिस्सा घेतला.
अल्ट्रासोनिकच्या टाकीत तीन तास, कानात ती बारीक शीळ.
गाळलं, धुतलं,
निळं पाणी जाईपर्यंत पुन्हा धुतलं.

गुरुवारी लाईट दोनदा गेली.
तिसऱ्यांदा चकती फिरली, मिनिटाला सोळाशे फेरे,
बुडबुडे थांबवले, रेघ पडद्यावर सरकत आली
आणि वळायची तिथे वळली नाही,
पुढे जाऊन वळली.
इलेक्ट्रॉन मोजले: तीन पॉइंट नऊ.
वॉचमन शिरसाठ दार वाजवत होते, मॅडम, कुलूप लावायचंय.
मी म्हटलं, लावा, मला आत ठेवून लावा.

प्लॅटिनमच्या मागे केसभर.
आठवड्याने दोन केस. मग तीन.
पेपरात तेही लिहावं लागेल.

चिमूटभर पुडीत बांधून घरी नेलं.
आईने बोटांत चोळलं, जिभेला लावायला निघाली,
मी मनगट धरलं.
काय आहे ह्यात?
लोखंड.
पुडी तिने माझ्या हातात परत दिली.
लोखंड तर आम्ही
चुंबक फिरवून सगळ्यात आधी फेकतो.

मग बराच वेळ काही बोलली नाही.
चहाचा कप विसळता विसळता, पाठमोरीच:
तो महागाचा धातू वापरतात ना तुमच्यात,
त्या बेसिनची जाळी
कोण साफ करतं गं?