सिस्टिम

सिस्टिम बसवायला आलोय म्हटल्यावर
वसतिगृहाच्या दारातच बोंगाळे सर दचकले.
"भिंती जुन्या आहेत हो आमच्या.
मागच्या गणपतीत समोरच्या मंडळाच्या सिस्टिमनं
वरचं तावदान गेलं, अजून पुठ्ठा लावलाय."
मी पिशवी उघडून दाखवली:
एक पेनड्राइव्ह, एक स्क्रू ड्रायव्हर
आणि तळहाताएवढे दोन स्पीकर.

उद्यमनगर. रविवार असूनही पलीकडं लेथ चालू.
संगणक एक, पोरं अकरा, एकालाही दिसत नाही.
पडद्यावरचं मशीन वाचून दाखवतं खरं,
पण जो आधी आत शिरला, आवाज त्याचाच.
दस्तगीर परीक्षेचं ऐकता ऐकता उठला,
खातं तसंच उघडं टाकून जेवायला गेला,
की मागून येणाऱ्या ऋतुजाला मुकी पेटी.
ती बटणं बडवते, अक्षरं पडत राहतात,
कुठं पडतायत कुणाला ठाऊक.
"नळासारखं करा की," ती म्हणाली,
"चावी कुणी का फिरवंना, टाकी एकच."

माहितीपत्रकात नेमकं त्याच्याचपुढं लिहिलंय:
शक्यतो असं करू नका.
आवाजाची सेवा एकेकाच्या खात्यातनं काढायची,
मशीन जागं होतानाच तिला उठवायचं,
कुणी नाव सांगायच्या आधी,
आणि सगळ्यांना एका गटात घालायचं.
मग एकाचं दुसऱ्याच्या कानावर पडू शकतं.
मी तसं सांगितलं, अगदी गंभीर होऊन.
अकराच्या अकरा हसले.
"सर, एका खोलीत अकरा कॉट.
रात्री कोण रडतंय
ते आम्हाला उशीच्या आवाजावरनं कळतंय."

मग काय, बसलो.
दस्तगीर, ऋतुजा, समाधान, दोन्ही अश्विनी,
नावं घालत गेलो गटात.
एक टिंब चुकलं, त्यात पाऊण तास गेला.
सेवा उठायची आणि लगेच आडवी,
तालमीत पहिल्याच दिवशी आलेल्या पोरासारखी.
बोंगाळे सरांनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

चौथ्यांदा चालू केलं.
पडदा काळा. आत कुणीच नाही अजून.
आणि मी कमी करायचा विसरलेला आवाज
जिन्यानं उतरत गेला पार स्वयंपाकघरात:
"वापरकर्त्याचं नाव."

खाली भाकरी थापायची थांबली.
"आनुबाई चौगले," उत्तर आलं वर. "का वो?"

पोरं लोळायचीच बाकी राहिली.
ऋतुजानं चाचपत कीबोर्ड ओढला,
आ, नु, बा, ई,
एकेक अक्षर मशीन तिच्यामागनं म्हणत गेलं.
मग म्हणालं, "पासवर्ड."
"त्यो आणि कुठला?" आनुबाई खालनं.

स्क्रू ड्रायव्हर तिथंच राहिलाय वाटतं.
बुधवारी जायचंच आहे,
बारावं नाव घालायला.