कारण

डॉक्टर नेसरगींनी आधी कानडीत विचारलं, मग मराठीत:
पाय मोडलेला? ऑपरेशन? लांबचा प्रवास?
चिक्कोडीपर्यंत, साहेब. मेहुणीच्या लग्नाला,
त्यालाही दोन वर्षं झाली.
घरात कुणाला?
कुणाला नाही.

फुप्फुसात तीन गाठी.
कानडीत छापलेल्या कार्डावर एक रकाना होता, कारण.
हा शब्द दोन्हीकडं एकच, बघा.
त्यापुढं त्यांनी रेघ ओढली.

वडगावात तीस वर्षं माग चालवला.
धागा तुटला की मला कळतं का तुटला:
कांजी कमी, हवा कोरडी,
नाहीतर माझंच लक्ष नव्हतं.
गाठ मारायची, खटका ओढायचा.
ही गाठ कुणी मारली?

सहा महिने झाले. गोळी थांबवायची का चालू ठेवायची,
तुम्हीच ठरवा, म्हणाले.

शेवंता रोज रात्री माझ्या पोटऱ्या चाचपते,
बोलत काही नाही.
काल म्हणाली, डावी जरा गरम लागते.
मग म्हणाली, माझाच हात असेल,
आत्ताच भाकऱ्या केल्यात.

अकरा वाजले. गल्लीतले माग एकेक करून बंद पडले.
पलीकडं भरमाचा एक अजून खडखडतोय.
तो थांबला
की माझा श्वास मला ऐकू येईल,
आणि मी मोजायला लागेन.